अनुभव धागा: मुलांसाठी बोधपर ॲनिमेशनपट करताना

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी ज्यांनी मुलांकरता बोधपर ॲनिमेशनपट केलाय, त्यांनी इथे मोकळेपणाने लिहावं. तात्पर्य कसं पोचवलंत, हे तर नक्की लिहा. यंदा करणाऱ्यांना फार उपयोग होईल.

सुरुवात मीच करते. माझी गोष्ट शेंगा लपवणाऱ्या खारीची. शेवटी आजीच्या आवाजात 'वाटून खावं' हे वाक्य हवंच, असं सरांचं मत होतं. म्हणून ॲनिमॅटिकचे, म्हणजे फिल्मच्या कच्च्या खर्ड्याचे, दोन कट केले, एक आजीच्या वाक्यासह आणि एक त्याशिवाय, आणि झेडपी शाळेत दुसरीच्या दोन तुकड्यांना एकेक दाखवला. नुसती पेन्सिलची चित्रं आणि आवाज. आजी बोलायला लागली तशी पहिल्या तुकडीची चुळबुळ सुरू झाली. दुसरीकडे एका मुलीने विचारलं, "तिने मोठी शेंग मागे का ठेवली?" मग सगळा जीव त्याच शॉटमध्ये ओतला. पंजा पुढे येतो, थबकतो, शेंग जराशी मागे ओढली जाते, नजर चिमणीकडे जाते आणि मग पंजा सुटतो. सेकंदाला 24 फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी 12 चित्रं लागतात. थबकण्याला मात्र एकच चित्र पुरतं. ते किती वेळ धरायचं, यावरच सगळं अवलंबून असतं.

---

मी क्ले स्टॉप-मोशन केलं, म्हणजे मातीची पात्रं जराजराशी हलवत एकेक फोटो काढला. पात्रांना तोंडच ठेवलं नाही, म्हणजे लिप-सिंक (ओठ आवाजाशी जुळवणं) नाही आणि उपदेशही नाही! मान आणि खांदे यांवर सगळं निभावलं. खिडक्या जाड पडद्यांनी बंद करा, कॅमेऱ्याचं एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) मॅन्युअलवर ठेवा, नाहीतर फ्रेमागणिक उजेड लुकलुकतो. पंखाही बंद, कारण कागदी झाडं हलतात. उन्हाळ्यात दिव्यांखाली क्ले मऊ पडते, तेव्हा शूट पहाटे केलेलं बरं.

---

वरच्या दोघांशी मी पूर्ण सहमत नाही. कहाण्या 'सुफळ संपूर्ण' ऐकल्याशिवाय संपत नाहीत, आणि मुलांना असं ठरलेलं वाक्य आवडतं. मी तात्पर्याचं दोन ओळींचं बडबडगीत केलं आणि ते पहिल्यापासून अधूनमधून पेरलं. शेवटी येईपर्यंत मुलं स्वतःच म्हणत होती. आवाज भाचीचा. गोधड्या टांगलेल्या खोलीत आधी रेकॉर्डिंग केलं, मग त्यावर चित्रं. लहान मुलांना कागद देऊ नका. वाक्य म्हणून दाखवा आणि त्यांना त्यांच्या ठेक्यात म्हणू द्या.

---

जातककथा घेणाऱ्यांनी फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपट संस्थेचा 1957चा 'द बनियन डिअर' जरूर पाहावा. 1956 साली मुंबईत त्यांचं कार्टून युनिट उभं राहिलं. डिस्नेत काम केलेल्या क्लेअर वीक्स यांच्याकडून तिथली मंडळी ॲनिमेशनचं तंत्र शिकली. म्हणजे शिकता शिकता मुलांसाठी बोधकथा करणं आपल्याकडे तेव्हापासूनचं आहे. जातकात राजासाठी बळी जाण्याची पाळी गाभण हरिणीवर येते तेव्हा हरणांचा नायक स्वतः तिच्या जागी जातो. मी त्याच कथेवर कटआउट (कापलेले कागदी तुकडे हलवून केलेली) फिल्म केली. सगळ्यात जास्त मेहनत त्याच्या चालण्यावर घेतली. पावलं जड हवीत, पण अडखळणारी नकोत. राजाला दया येते तो प्रसंग त्यामानाने चटकन जमला.

---

खर्चाची चिंता करणाऱ्यांसाठी: क्रिटा, ओपनटून्झ आणि ब्लेंडर ही ॲनिमेशनची तिन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. कॉलेजची लॅब संध्याकाळी बंद होते, तेव्हा घरच्या मशीनवर चालेल तेच निवडा. आणि शाळेत दाखवायला नेताना स्पीकर आपला न्या.