शब्दचर्चा: कमप्रॉडला 'संचित गुणाकार' म्हणावं की 'धावता गुणाकार'?

प्रश्न
मॅटलॅब या गणिती आकडेमोडीच्या संगणकभाषेतल्या 'कमप्रॉड' या फंक्शनवर मराठीत टिपण लिहितोय. ते पहिल्या घटकापासून प्रत्येक घटकापर्यंतचा गुणाकार देतं. [२ ३ ४ ५] दिलं की ते [२ ६ २४ १२०] देतं. याला 'चढता गुणाकार' म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद १
'चढता' नको. ०.५ तीनदा दिलात तर ०.५, ०.२५, ०.१२५ अशी उतरण लागते, आणि ऋण संख्या मध्ये आली की चिन्हच उलटतं. 'क्रमागत'ही फसवा आहे. वाचक लगतच्या जोड्यांचे गुणाकार समजून ६, १२, २० काढून बसेल. 'चक्रवाढ' फक्त दरांपुरता: १० टक्के वाढ आणि मग १० टक्के घट, म्हणजे १.१ आणि ०.९, कमप्रॉड १.१ आणि ०.९९. तिथे तो शब्द चपखल आहे, बाकी ठिकाणी ओढूनताणून वाटेल.

शाळेतली 'संचित वारंवारता' सगळ्यांच्या कानावरून गेलेली असते. त्याच धर्तीवर बेरजेच्या कमसम या फंक्शनला 'संचित बेरीज' आणि कमप्रॉडला 'संचित गुणाकार'. 'धावता' बोलताना ठीक आहे, पण त्याने धावत्या समालोचनाचीच आठवण होते.

प्रतिसाद २
'संचित गुणाकार'शी सहमत, पण एक व्याकरणाची मेख आहे. 'गुणाकार'चं एकवचन आणि अनेकवचन सारखंच. 'संचित गुणाकार काढला' म्हटलं की वाचकाला एकच आकडा, १२०, अपेक्षित असतो. तो तर सगळ्यांचा एकच गुणाकार देणाऱ्या साध्या 'प्रॉड'चा. इथे चार आकडे येतात, म्हणून 'संचित गुणाकार काढले' लिहा; वचन क्रियापदानेच कळतं. पहिल्या उल्लेखाला 'प्रत्येक घटकापर्यंतचा गुणाकार' असा खुलासा जोडला की काम झालं.

प्रतिसाद ३
मॅट्रिक्स आली की दिशाही सांगायला हवी. पहिली ओळ १ २ ३ आणि दुसरी ४ ५ ६ असेल तर स्तंभनिहाय उत्तराची दुसरी ओळ ४ १० १८ येते. ओळनिहाय काढलं तर १ २ ६ आणि ४ २० १२०. मॅटलॅब काही न सांगता, ज्या मितीची लांबी १ नाही अशी पहिली मिती धरतं, म्हणजे इथे स्तंभनिहाय. पायथनची गणिती लायब्ररी नमपाय मात्र अक्ष (म्हणजे दिशा) दिला नाही तर मॅट्रिक्स सपाट करून १, २, ६, २४, १२०, ७२० अशी एकच लांब रांग देतं. एका भाषेतून दुसरीत कोड नेताना नेमकं इथेच घोटाळे होतात, आणि चूक दाखवणारा संदेशही येत नाही. त्यामुळे 'संचित गुणाकार' हे शब्द एकटे सोडू नका, 'ओळनिहाय' किंवा 'स्तंभनिहाय' लावाच.

प्रतिसाद ४
'संचित' ऐकलं की साठवलेलं सुरक्षित आहे असं वाटतं. इथे तसं नाही! एक शून्य आलं की पुढचं सगळं शून्य. नॅन (म्हणजे 'ही संख्या नाही' अशी खूण) आला की पुढचं सगळं नॅन. नमपायमध्ये 'नॅनकमप्रॉड' त्याला १ धरून पुढे जातं.

१ ते २१ या ६४ बिटांच्या पूर्णांकांचे संचित गुणाकार नमपायमध्ये काढून बघा. विसावा २४३२९०२००८१७६६४०००० बरोबर येतो, एकविसावा −४२४९२९००४९४१९२१४८४८. धन संख्यांचा गुणाकार ऋण, आणि तोही गुपचूप. मॅटलॅबचे ३२ बिटांचे पूर्णांक असे उलटत नाहीत. तेराव्यापासून २१४७४८३६४७ वरच अडकून बसतात. पहिल्या प्रकाराला, म्हणजे आकडा बिटांत न मावता उलटण्याला, 'ओव्हरफ्लो'च म्हणा; दुसऱ्याला, म्हणजे कमाल आकड्यावर अडकण्याला, 'संपृक्ती' बसतं. दुहेरी अचूकतेचे दशांश घेतले तर १ ते १७० पर्यंतच्या गुणाकारांत निभावतं, १७१ ला इन्फ, म्हणजे अनंत.

प्रतिसाद ५
आकडे असे हाताबाहेर जाण्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे लॉगॅरिदमची संचित बेरीज. पण पुढची तुलनाही लॉगमध्येच करा. शेवटी घातांकात परत आणलंत तर तोच इन्फ पुन्हा हजर. ऋण संख्या असतील तर चिन्ह सोडून उरणाऱ्या, म्हणजे निरपेक्ष मूल्यांचे लॉग घ्या आणि चिन्हांचे संचित गुणाकार वेगळे काढा. ते १, −१ किंवा ० एवढेच असतात, तिथे ओव्हरफ्लोचा प्रश्नच नाही.