दुसरी किल्ली कोणाकडे आहे?

मुलीच्या शाळेचा फॉर्म भरत होते. आई, बाबा, डॉक्टर हे रकाने पटापट झाले. शेवटचा रकाना: आईबाबा फोनवर सापडले नाहीत तर कुणाला बोलवायचं? माणूस गावातलाच हवा. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला येऊन आम्हाला तीन वर्षं झाली होती. गणपतीला चाळीस जण जेवून गेलेले. पण दुपारी हातातलं काम टाकून लेकीला आणायला कोण धावेल, ते नाव काही सुचेना.

म्हणून हा धागा. मैत्री म्हणजे काय वगैरे नको. परदेशातल्या तुमच्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे आणि ती तिथवर कशी पोचली, एवढं लिहा.

माझंच आधी सांगते. रकान्यात शेवटी शेजारच्या डच बाईंचं नाव आलं. विचारायला गेले तर त्यांनी हो-नाही म्हणायच्या आधी डायरी काढली आणि मंगळवारी जमणार नाही म्हणाल्या. तेव्हा लागलं मनाला. उरलेले चार दिवस त्यांनी खरोखरच देऊ केले होते, हे मला उशिरा कळलं.

इथे बऱ्याच घरांत वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगलेलं असतं. त्यावर वार नाही, वर्ष नाही, नुसत्या तारखा. एकदा लिहिलं की जन्मभर चालतं. पाचव्या वर्षी त्यांच्याकडे कॉफीला गेले असताना बघितलं, तर मार्चच्या पानावर माझ्या लेकीचं नाव. संडासात बसून गहिवरलेली मी एकटीच असेन.

श्टुटगार्टहून

आमचं दार नुसतं ओढलं तरी बंद होतं आणि बाहेरून मूठ फिरत नाही. डिसेंबरात रात्री कचरा टाकायला खाली गेलो, पायात सपाता, अंगात बनियन. रात्री बोलावलेला किल्लीवाला काय पैसे लावतो याच्या कथा ऐकून होतो. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजींची बेल दाबली.

तोवर आमचं बोलणं फक्त केरवोखपुरतं. म्हणजे या भागात जिना झाडायची आठवड्याची पाळी असते, ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लागते. माझा कुठला कोपरा राहिला ते आजी बोट दाखवून सांगायच्या. त्या रात्री त्यांनी मला ब्लँकेटमध्ये गुंडाळून बसवलं आणि नातवाला फोन लावला. त्याने पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक कापून दाराच्या फटीत सरकवलं आणि अर्ध्या मिनिटात दार उघडलं. (माझ्या कुलपावरचा विश्वासही तेव्हाच उडाला.) दुसऱ्या दिवशी मी किल्ली नेऊन दिली. आजींनी ती पाकिटात घातली, वर माझं नाव लिहिलं, स्पेलिंग विचारून.

चौथ्या वर्षी प्लमचा केक वाढता वाढता म्हणाल्या, आता आपण 'डू' (जर्मनमधलं 'तू') म्हणू या. आपल्याकडेही अहो-जाहो असतंच, पण अरे-तुरेवर कधी आलो ते कळत नाही. इथे वयाने मोठ्या माणसाने रीतसर सांगावं लागतं. मला मात्र ऐंशीच्या बाईला 'अगं' म्हणायला जीभ वळेना. सर्वनाम लागणारच नाही अशी वाक्यं रचत मी सहा महिने काढले.

दुबईहून

किल्लीचं माहीत नाही, माझ्या कपाटात चार मिक्सर आहेत. इथे व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की ठरलेल्या मुदतीत दुसरी शोधा नाहीतर बाडबिस्तरा आवरा. विजेचा दाब भारतासारखाच, मिक्सर तिकडेही चालला असता, पण सामानाच्या वजनात बसत नाही. मग तो मागे राहणाऱ्याला. एक 2009 च्या मंदीतला, दोन 2020 मधले, चौथा गेल्या वर्षीचा. बायको चटणीला अजून दुसराच काढते. म्हणते, वहिनींचा आहे, याचं पातं चांगलं.

एक बरं झालं. 2022 पासून सुट्टी शुक्रवारवरून शनिवार-रविवारवर आली, तेव्हापासून पुण्यातले मित्र रविवारी फोनवर सापडतात. आधी आमच्या शुक्रवारी ते ऑफिसात आणि त्यांच्या रविवारी मी.

न्यू जर्सीहून

2011 मध्ये एच-4 व्हिसावर आले, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून. कामाची परवानगी नाही, गाडी येत नाही. आमच्याच कॉम्प्लेक्समधल्या एका ताईंनी मला पार्किंगमध्ये गाडी शिकवली. लायसन्स मिळाल्यावर नवऱ्याच्या आधी त्यांना फोन केला होता. किल्लीही त्यांच्याकडेच. सात जोडप्यांचा आमचा गट. दर पॉटलकला भरली वांगी माझी, हे न बोलता ठरलेलं.

2015 मध्ये ग्रीन कार्डच्या रांगेतल्यांच्या जोडीदारांना कामाची मुभा मिळाली. मी नोकरी धरली, पुढे स्वतःचा एच-1बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा झाला. म्हणून 2019 मध्ये घटस्फोट झाला तेव्हा निदान देश सोडावा लागला नाही. गट मात्र सुटला. कुणी भांडलं नाही. जुन्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सणांच्या शुभेच्छा तेवढ्या येत राहिल्या, बेत दुसऱ्याच ग्रुपवर ठरू लागले. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, तुलाच अवघडल्यासारखं होईल म्हणून नाही बोलावलं." मी त्यांच्याकडून किल्ली परत मागितली नाही. कुलूप बदललं.

आता किल्ली समोरच्या इक्वेडोरच्या नर्सकडे असते. तिचं इंग्रजी तोडकं, माझं स्पॅनिश शून्य. मी भारतात गेले की ती माझ्या कढीपत्त्याला पाणी घालते आणि त्याचा रोज एक फोटो पाठवते.

मँचेस्टरहून

माझी कुंडीखाली आहे. कुणाकडेच नाही. वाचतोय सगळं.

सिडनीहून

प्रश्न जरा उलटा घेतो. माझ्या इथल्या किल्लीचं काही अडत नाही. पण नाशिकला आईबाबांच्या फ्लॅटची दुसरी किल्ली माझ्या शाळेतल्या मित्राकडे आहे. त्याचं स्टेशनरीचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच.

गेल्या जूनमध्ये बाबा बाथरूममध्ये घसरले. तिकडे रात्रीचे साडेनऊ, इकडे दोन. आईचे गुडघे धड नाहीत, तिला दारापर्यंत जायलाही वेळ लागतो. तिने फोन मला नाही, त्याला केला. तो किल्लीने आत आला, बाबांना उचललं, रिक्षात घालून नेलं. मला सकाळी कळलं, एक्स-रे झाल्यावर. "उठवून काय करणार होतास?" हे त्याचं उत्तर. बरोबरच होतं. पण ऐकून मी दिवसभर त्याच्यावर चिडलो होतो, तेही खरं.

पैसे पाठवले तर घेत नाही. मागच्या खेपेला नेलेली व्हिस्की त्याने बाबांबरोबरच संपवली. या दिवाळीला जायचंय, काय आणू म्हणून विचारलं. म्हणाला, "आणू नकोस काही. बाबांशी फोनवर जरा जास्त बोलत जा. संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बसतात आणि गिऱ्हाइकांना तुझे किस्से सांगतात. सगळे चौथीतले आहेत."