अवघड इंग्रजी शब्दांच्या याद्या मुलांनी घोकाव्यात का?

फोंडेकर: माझी लेक प्रवेश परीक्षेसाठी रोज २० अवघड इंग्रजी शब्द पाठ करते आणि चार दिवसांत विसरते. काल ‘कॉन्क्लेव्ह’वर अडली. म्हटलं, आपली चावी आठव. ती पोर्तुगीजांकडून आली, आणि त्यांच्याकडे लॅटिन ‘क्लाविस’वरून. कॉन्क्लेव्ह म्हणजे किल्लीने बंद होणारी खोली. नवा पोप निवडताना कार्डिनल बंद दाराआड बसतात, तेच हे. मग तिनेच क्लॅव्हिकल, म्हणजे गळ्याखालचं हाड, त्याला जोडलं. पावाचंही तसंच. लॅटिन ‘पानिस’ म्हणजे भाकरी, आणि कम्पॅनियन म्हणजे त्या भाकरीतला वाटेकरी. आपला पोदेर, म्हणजे पाव भाजणारा, तोही त्याच घरातला. इगर्ज, म्हणजे चर्च, तर थेट ग्रीक ‘एक्लेसिया’पर्यंत पोचते, एक्लेसियास्टिकल म्हणजे चर्चसंबंधी हे पाठ करायची गरजच उरत नाही. गोव्यातल्या मुलांच्या तोंडात ही मुळं आधीच आहेत. याद्या बंद करा, इथून शिकवा.

डिचोलीची शिक्षिका: मला पटत नाही. मूळ कळलं म्हणजे अर्थ कळला असं होत नाही. ‘नाइस’ हा साधा शब्द लॅटिन ‘नेस्कियुस’वरून आला, म्हणजे अजाण! मूळ धरून अर्थ लावणारं मूल तिथे फसणार. आणि हे शब्द हवेत कशाला? ‘सेस्क्विपिडेलियन’ म्हणजे मुळात दीड फुटी. रोमन कवी होरेसनेच दोन हजार वर्षांपूर्वी सांगितलं की, दुःखातल्या पात्राने असे दीड फुटी शब्द टाकून द्यावेत, तरच ते प्रेक्षकाच्या काळजाला भिडेल. पोटात गुडगुडतं त्याला ‘बोरबोरिग्मस’ म्हणून कुणाचं भलं होतं?

नर्सिंगची विद्यार्थिनी, पणजी: बाई, रुग्णाशी मीही गुडगुडच बोलते. पण हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर घसरली, हायपरग्लायसेमिया म्हणजे वाढली. ग्रीकमध्ये ‘हायपो’ खाली, ‘हायपर’ वर. रात्रपाळीत दमलेल्या डोक्याला घोकलेलं आठवत नाही, हे आठवतं.

डिचोलीची शिक्षिका: तुझं मान्य, तुझ्या कामात ते लागतं. पण निबंधात पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाला ‘पेट्रिकोर’ लिहिणाऱ्या मुलांना मृद्गंध विचारला की गप्प बसतात. याचं मला फार वाईट वाटतं.

फोंडेकर: वाईट मलाही वाटतं. पण पेट्रिकोर हा काही फुशारकीसाठी काढलेला शब्द नाही. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी तो १९६४ साली घडवला. ‘पेट्रा’ म्हणजे दगड, ‘इकोर’ म्हणजे ग्रीक देवांच्या नसांतलं रक्त. कोरड्या दिवसांत दगडमातीत मुरलेलं वनस्पतींचं तेल पहिल्या सरीबरोबर दरवळतं, ते सांगायला शास्त्रज्ञांना देवांचं रक्त आठवलं! हे ऐकलेलं मूल मृद्गंधही विसरणार नाही. जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल घ्या. ‘से’ लॅटिन ‘सेदेस’वरून, म्हणजे आसन, ग्रीक ‘काथेद्रा’ म्हणजेही आसनच, बिशपचं. आणि ‘सेदेस’ आपल्या ‘सदन’चा सख्खा नातेवाईक.

डिचोलीची शिक्षिका: सदन मी वर्गात नक्की सांगेन. तरी तुमची पद्धत सरसकट चालणार नाही. पोर्तुगीजांनी आणलेला प्रत्येक शब्द लॅटिन नव्हे. बटाटा कॅरिबियन बेटांवरच्या टायनो भाषेतला आहे, आणि मुलं त्यालाही लॅटिन मूळ शोधत बसतील.