मदत हवी आहे: नौदलाची प्रशिक्षण केंद्रं वलसुरा, शिवाजी की हमला?

लातूर, परभणी, नांदेडकडच्या पोरांना नौदलातल्या शाखेचा पसंतीक्रम सुचवायचा आहे. ओडिशातल्या चिल्का इथलं मूलभूत प्रशिक्षण नौदलाच्या सगळ्या अग्निवीरांना सारखंच. फरक पडतो तो पुढे. वीज शाखेला जामनगरचं वलसुरा, इंजिन शाखेला लोणावळ्याचं शिवाजी, स्वयंपाक आणि भांडारासाठी मालाडचं हमला.

‘कोणतं चांगलं’ एवढंच नको. खोलात सांगा: चालू स्थितीतला जनरेटर किंवा पंप पोरगं स्वतःच्या हातानं किती वेळा खोलतं? एका यंत्राभोवती किती जण उभे असतात? दहा असले की दोघं पाना फिरवतात, बाकीचे वहीत आकृती काढतात. चाचणी लेखी, की बिघाड मुद्दाम घालून शोधायला लावतात? जहाजावर गेल्यावर एकट्यानं वॉच (पहाऱ्याची पाळी) सांभाळायला किती महिने लागतात? माझ्या मते खरं माप हेच.

अग्निवीराची मुदत 4 वर्षांची, प्रशिक्षण त्यातच धरलेलं. कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के. म्हणून कोर्स लांबला की जहाजावरचा काळ घटतो. बाहेर पडल्यावर कुठल्या शाखेच्या प्रमाणपत्राला कारखान्यात खरंच विचारतात?

आणि पोहण्याचं: विहिरीत सूर मारणारी पोरं तलावातल्या चाचणीत नेमकी कुठं अडतात, उडीत की अंतरात?