भेंडीवर तुडतुडे येतात का आपणच बोलवतो? युरियावरून वाद

काळंरान_सेलू:
पटलं नाही तर खुशाल भांडा, पण माझं म्हणणं असंय की भाजीपाल्यावर फवारण्या वाढल्या त्याचं अर्धं कारण युरियाच्या गोणीत हाय. पाणी दिलं की टाक युरिया, पीक काळंभोर दिसलं की माणूस खुश. 45 किलोच्या गोणीत जवळपास 21 किलो नत्र (नायट्रोजन), ते एकदम पडलं की पान लुसलुशीत होतं, रसात अमिनो आम्लं वाढतात अन मावा, तुडतुडे, पांढरी माशी ह्या रस शोषणाऱ्या किडींना तेच पाहिजे असतंय, खायला चांगलं मिळालं की पिल्लंबी भराभर.

वांगीवाला_परतूर:
दादा सगळं खतावर ढकलू नका. आपल्या जमिनीत नत्र आधीच कमी, युरिया बंद केला तर भाजीचा तोडा कशाचा करायचा? अन वांग्याचा शेंडा पोखरणारी अळी काय नत्र मोजून येते का, शेजाऱ्यानं किडके शेंडे तसेच ठेवले की त्या अळीचे पतंग तिथनं येणारच. वरून सायपरमेथ्रीनचं औषध सारखं सारखं मारलं की ढालकिडे, क्रायसोपा हे कीड खाणारे मित्रकिडे मरतात अन पांढरी माशी डबल. ह्यात युरियाचा काय दोष?

काळंरान_सेलू:
बंद करा म्हणलो का मी? तीन-चार हप्त्यात द्या, सोबत पालाश (पोटॅश) द्या. पालाश कमी पडलं की झाडाला नत्राचं प्रथिन नीट करता येत नाही, अमिनो आम्लं अन साखर रसात तशीच पडून राहते, किडीला आयतंच.

कृषी_पोरगं_परभणी:
पालाशचं सरसकट नका सांगू भाऊ. काळ्या रानात ते बहुतेक ठिकाणी भरपूर निघतंय, कमी पडतंय जस्त अन लोह. पानाच्या कडा पिवळ्या दिसल्या की लोक पोटॅश सोडतात, पण भेंडीत तुडतुड्यानंबी कडा पिवळ्या पडून पान वर वळतं. पान उलटं करून बघा, हिरवट बारका किडा तिरका पळाला तर तुडतुडा. मागं काहीच नाही अन खालची जुनी पानंच कडेनं करपलीत तर मग पालाशचा विचार करा. आधी माती तपासा राव, ते कोणीच करत नाही.

शेणखतवाली_औसा:
एवढा हिशोब कशाला, शेणखत टाका, नत्र हळूहळू मिळतं, पान एकदम माजत नाही.

वांगीवाला_परतूर:
कुजलेलं असल तर ताई. उकिरड्यावरचं कच्चंच ओढलं की त्यात हुमणी आलीच, मुळं खाऊन झाड उभं वाळतं.

काळंरान_सेलू:
हुमणीचं खरंय. पण वांगीवाले, दोन ओळीला युरिया निम्मा करा, औषध सगळीकडं सारखंच ठेवा अन पानामागचे तुडतुडे मोजून इथं टाका.

वांगीवाला_परतूर:
टाकतो की. त्या दोन ओळीचा तोडा कमी निघाला तर फरक तुमच्याकडनं घेणार, आधीच सांगून ठेवतो 😄