मदत हवी आहे: हिटआउट आमचे, क्लिअरन्स त्यांचे. रकमनची किंमत मोजायची कशी?

यारावाला
मेलबर्नमधल्या एका हौशी ऑसी रूल्स (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) संघाची आकडेवारी ठेवतो. आमचा रकमन (पंचांनी चेंडू खेळात टाकला की त्यासाठी उडी मारून भिडणारा खेळाडू) बहुतेक सामन्यांत हिटआउटमध्ये, म्हणजे त्या चढाओढीत चेंडूला टॅप मारण्यात पुढे असतो, तरी चेंडू घेऊन गर्दीतून बाहेर पडतात, म्हणजे क्लिअरन्स घेतात, समोरचेच. प्रशिक्षक म्हणतात मिडफिल्ड कच्चं, मिडफिल्डर म्हणतात चेंडू आमच्यापर्यंत येतच नाही. आकड्यांवरून याचा निकाल कसा लावायचा?

बाराचा_काटा
नुसत्या हिटआउटवर जाऊ नका. चेंडूला हात कुणाचा लागला एवढंच त्यातून कळतं. एएफएलची (ऑस्ट्रेलियातली अव्वल लीग) आकडेवारी ठेवणारी कंपनी चॅम्पियन डेटा त्यापुढे जाऊन पाहते: टॅप थेट आपल्या खेळाडूला मिळाला की विरोधकाने तो मधल्या मध्ये पळवला, म्हणजे शार्क केला. समजा एकाचे ४० हिटआउट. १० फायद्याचे, ८ शार्क झालेले. निव्वळ कमाई २. दुसऱ्याचे २०च, पण ८ फायद्याचे आणि २ गमावलेले. कमाई ६. दुसरा रकमन मी डोळे झाकून घेईन.

तुम्ही वहीत प्रत्येक चढाओढीची एक ओळ लिहा: जागा (मधलं वर्तुळ, बाउंड्री थ्रो-इन म्हणजे पंचांनी सीमेवरून आत फेकलेला चेंडू, की मैदानातला बॉल-अप म्हणजे पंचांनी वर फेकलेला चेंडू), टॅपची दिशा, चेंडू आधी कुणी उचलला, क्लिअरन्स कुणाचा. दिशेसाठी घड्याळ वापरा, आपण ज्यावर चाल करतो तो गोल १२ वाजता. तिन्ही जागांची बेरीज एकत्र करू नका. मधल्या वर्तुळातला क्लिअरन्स सर्वांत महाग असतो, कारण एएफएलच्या ६-६-६ नियमामुळे (प्रत्येक संघाचे सहा-सहा खेळाडू मागे, मध्ये आणि पुढे) तेव्हा फॉरवर्डना मोकळी जागा मिळते. २०२१च्या ग्रँड फायनलमध्ये (एएफएलचा अंतिम सामना) मेलबर्न संघाने तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी तिथूनच लागोपाठ गोल केले आणि सामना १४०-६६ असा जिंकला.

थ्रोइन
वहीत टॅप एकाच दिशेला पडताना दिसले, समजा सारखे ७ वाजता, तर दोष रकमनचा. विरोधी मिडफिल्डर दोन-तीन टॅपांत ओळखतो आणि आधीच तिथे जाऊन उभा राहतो. दिशा बदलत असूनही चेंडू जात असेल तर मिडफिल्डरचे पाय बघा. पडण्याच्या जागी आधीच जाऊन थांबणारा हमखास मागे पडतो. त्याने दोन-तीन मीटर लांबून धावत यायचं आणि वेगातच चेंडू उचलायचा. मधल्या वर्तुळातून खेळ सुरू होताना मैदानाच्या मधल्या चौकोनात आपले रकमन सोडून तिघे असतात. तिघेही चेंडूवर तुटून पडले तर बचावाची बाजू उघडी पडते, एक जण आपण राखतो त्या गोलच्या बाजूला हवाच.

टॅपची ताकदही बघा. हलका टॅप हवा तो मिडफिल्डर धावत येत असताना. चढाओढ हरतोय असं वाटलं की मूठ मारून चेंडू दूर पुढे ढकलायचा. त्याची फायद्याच्या रकान्यात नोंद होणार नाही, पण चेंडू धोक्याच्या जागेतून निघालेला असतो.

यारावाला
दोघांचेही आभार. आणखी एक: समोरचा रकमन डोक्याने उंच असेल तर?

बाराचा_काटा
मधल्या वर्तुळात धाव घेता येते, त्यामुळे तिथे उडी महत्त्वाची. एएफएलने २०२६पासून तिथला बाउन्स (चेंडू जमिनीवर आपटून उडवणं) बंद केला, पंच चेंडू वर फेकतात. चेंडू वेडावाकडा उडत नाही, वेळ साधणाऱ्याला फायदा. थ्रो-इनला मात्र उंचीइतकंच अंग कामाला येतं. चेंडू पडण्याच्या जागेवर आधी खांदा रोवायचा आणि तो सोडायचा नाही. हात ताठ करून विरोधकाला अडवलंत तर फ्री किक जाईल. तेवढंही जमत नसेल तर टॅप त्याला घेऊ द्या आणि तुमचे मिडफिल्डर शार्क करायला लावा.

२०१७चा एएफएल विजेता संघ रिचमंड बघा. मुख्य रकमन टोबी नॅनकर्व्हिस, आणि त्याला विश्रांती देताना रकमध्ये उभा राहायचा शॉन ग्रिग, जो मुळात मिडफिल्डर. हिटआउट गेले तरी चालतील, चेंडू जमिनीवर आल्यावर आपला एक माणूस जास्त हवा, असा तो हिशोब.

थ्रोइन
म्हणून वहीत आणखी दोन रकाने घाला: टॅपनंतर रकमनने केलेले टॅकल (चेंडूवाल्याला धरून अडवणं) आणि घेतलेले मार्क (किकचा थेट झेल). मेलबर्न संघाचा रकमन मॅक्स गॉन, त्याची निम्मी किंमत तिथे आहे. चढाओढ संपली की तो मागे सरकतो आणि विरोधकाची लांब किक हवेतच झेलतो. तुमचा रकमन टॅप करून जागेवरच उभा राहत असेल तर समोरचा रकमन मोकळा सुटतो, आणि पुढच्या पासला त्यांचा एक माणूस जास्त होतो. तुमचे क्लिअरन्स बहुधा इथेच जातायत. आधी हे तपासा.