ताडपत्रीचं कोटिंग एकाच पट्ट्यात सुटतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत आमचं लॅमिनेशनचं छोटं युनिट आहे. एचडीपीई या कडक प्लॅस्टिकच्या विणलेल्या कापडावर एलडीपीई या मऊ प्लॅस्टिकचा वितळलेला थर चढवून ताडपत्री करतो. गिऱ्हाईक बहुतेक चोपडा-रावेरकडचे शेतकरी. खळ्यातला मका झाकायला नेतात.

आठ दिवसांपासून डाव्या काठापासून वीतभर आत, चार बोटं रुंदीचा पट्टा चिकटतच नाही. नखानं उचकटला की कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा निघतो. बाकी ठिकाणी थर इतका पक्का की ओढला तर फाटेल, सुटणार नाही. डायचं, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक पडद्यासारखं सोडणाऱ्या फटीचं, तापमान २९० अंश, थर २५ जीएसएमचा (चौरस मीटरला २५ ग्रॅम), प्लॅस्टिकचा दाणा नेहमीचाच.

ऑपरेटर म्हणतो, ३१० करू. मला ते पटत नाही. दाण्यात खोट असती तर सगळीकडे सुटलं असतं, आणि एवढ्या उष्णतेनं कापड आकसायची भीती. पाऊस तोंडावर आलाय. गंजीवर टाकलेली ताडपत्री झिरपली तर शेतकऱ्याचं वर्षाचं धान्य जाईल, म्हणून तयार कापडाचे तीन रोल अडवून ठेवलेत. कुठे बघू?

प्रतिसाद: भाऊ, तापमान आहे तिथेच राहू द्या. निघालेल्या पापुद्र्याची आतली बाजू उजेडात तिरकी धरा. विणीची नक्षी उमटली असेल तर दाब पोचतोय. मग डायचा त्या भागातला हीटर बघा, कापडावरची धूळ-ओल बघा. गुळगुळीत असेल तर कापड चिल रोलवर, म्हणजे थंड रोलवर, दाबणारा रबर रोल तिथे झिजलाय. वितळलेला पडदा गरम असतानाच विणीत दाबला गेला पाहिजे. चिल रोलवर तो लगेच गोठतो, मग कितीही दाबा, उपयोग नाही. खात्रीसाठी मशीन पूर्ण बंद करून, रोल थांबलेले असताना या दोन रोलांच्या मधे कोरा कागद आणि कार्बन पेपर घाला, दाब द्या, ठसा बघा.

धागाकर्ता: दादा, आतून काचेसारखा गुळगुळीत निघाला. कार्बनचा ठसाही नेमका त्याच चार बोटांत फिका. रबर रोल उतरवून ग्राइंडिंगला पाठवला. आता अडवलेल्या तीन रोलांवर दुसरा हात मारला तर चालेल का?

प्रतिसाद: नको. वरून कितीही थर चढवा, खालचा सुटाच राहणार. डाव्या काठापासून त्या सुट्या पट्ट्यासकट भाग कापून टाका आणि उरलेल्या रुंदीची लहान मापाची ताडपत्री शिवा. विकताना माप स्पष्ट सांगा.